अलिबाग की मुरूड?

आपल्या वर्धा जिल्ह्याची एक गंमत आहे. जिल्ह्यात समुद्रपूर आहे, पण समुद्र नाही. गाव आहे, तालुका आहे, बाजार आहे. खारे पाणी पाहायचे तर मात्र रात्रभर गाडीत बसून साडेसातशे किलोमीटर मुंबईकडे जावे लागते. नेमके ह्याच समुद्रपूर तालुक्यातून एका सूनबाईंचे पत्र आले आहे आणि ते समुद्राबद्दलच आहे. मागच्या खेपेला आपण बियाण्याच्या कोठीबद्दल बोललो. किडीचे राहिलेले बोलणे पुढच्या आठवड्यात करू. आज हे पत्र घेतो, कारण ह्याला मुदत आहे.

पत्र थोडक्यात असे. यंदा कापसाचे नि तुरीचे पैसे हाती आले, थोडे उरले. घरच्यांनी ठरवले की एकदा समुद्र पाहून यावा. शेजारचा भाऊबंद चार-पाच दिवस ढोरे सांभाळायला तयार आहे, त्याहून एक दिवसही जास्त नाही. मुलगा आठवीत आहे. त्याला जंजिरा पाहायचा आहे, कारण जो किल्ला कोणालाच जिंकता आला नाही तो पाहिल्याशिवाय परत यायचे नाही असे तो म्हणतो. यजमान म्हणतात, अलिबाग जवळ पडते, तेवढेच करू. सासूबाईंचे वय शहात्तर, गुडघे दुखतात. त्या म्हणतात, तुम्ही जा, मी घर राखतो. शेवटी विचारले आहे: अलिबाग करावे की मुरूड? की दोन्ही उरकून यावे?

सूनबाई, तुमच्या पत्रात मुलाचे म्हणणे आहे, यजमानांचे आहे, सासूबाईंचे आहे, ढोरे सांभाळणाऱ्याचेसुद्धा आहे. तुम्हाला स्वतःला काय पाहायचे आहे, ते मात्र चार पाने लिहूनही कुठे लिहिले नाही. ते मला अंदाजाने ओळखावे लागेल.

‘दोन्ही उरकून यावे’ हे आधी निकालात काढतो. अलिबाग आणि मुरूड दोन्ही रायगड जिल्ह्यातच, एका किनाऱ्यावर, मध्ये पन्नासेक किलोमीटरचे अंतर. नकाशावर बोटभरही नाही. पण तो रस्ता किनाऱ्याने वळणे घेत जातो आणि दोन्हीकडचे किल्ले पाण्यात आहेत. ते घड्याळाने उघडत असतील, पण चालतात पाण्याच्या मर्जीने. एका दिवसात दोन्ही करू गेलात तर एकाही ठिकाणी आत पाऊल पडायचे नाही आणि मुलाच्या तोंडी एस. टी.च्या खिडकीखेरीज काही राहायचे नाही. एक निवडा.

आता मुरूडची बाजू, मुलाच्या वतीने. ती लहान नाही. मुरूडजवळच्या राजपुरी गावाहून होडीने जंजिऱ्याला जातात. किल्ला खाडीच्या तोंडाशी बेटावर उभा आहे. लांबून पाहिले तर नुसती काळी भिंत, दार कुठे ते कळतच नाही. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या आड ते दिसते. हा किल्ला सिद्दींचा. हे लोक मूळचे आफ्रिकेतले, हबशी म्हणून आपल्याकडे आलेले. कोणी शिपाई म्हणून, कोणी गुलाम म्हणून. त्यातल्याच एका जमातीने ह्या खडकावर आपले राज्य बसवले आणि ते १९४८ सालापर्यंत, संस्थान विलीन होईपर्यंत टिकवले. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, जवळच समुद्रात पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी १६८२ साली किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रच दगडांनी बुजवायला घेतला होता. मोगल फौज रायगडाच्या अंगावर आली म्हणून ते काम सोडून परतावे लागले. दारावर एक दगडी श्वापद कोरले आहे, त्याने पंजांत, तोंडात नि शेपटीत हत्ती धरले आहेत. बुरुजावर कलालबांगडी नावाची मोठी तोफ आहे. आणि सगळ्यात नवल म्हणजे भोवती खारा समुद्र असताना आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. विहिरीला मचूळ पाणी लागले की कपाळाला हात लावणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या गोष्टीची किंमत सांगायला नको.

इतके असून मी तुम्हाला मुरूडला जा म्हणत नाही. त्याचे कारण माझ्या घरचे आहे.

पुष्कळ वर्षे झाली. मी माझ्या आईला घेऊन गेलो होतो. तिने नदी म्हटली तर वर्धा नि वेणा पाहिलेली. मीही तेव्हा ह्या मुलासारखाच होतो, फक्त वयाने मोठा. न जिंकलेला किल्ला पाहायचा, दुसरे काही नको. होडीत ती बसली. भ्याली, पण बसली. पदर तोंडावर घेऊन म्हणाली, “बाप्पा, हा डोंगा तं सूपासारखा पाखडते!” होडी दाराशी गेली. तिथे तेव्हा धक्का असा नव्हता. दाराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, आणि होडी लाटेबरोबर वर-खाली होत असे. होडी वर आली की त्या क्षणी पाऊल पायरीवर टाकायचे. तरुण माणसे टाकत. माझ्या आईने तीनदा पाय उचलला नि तीनदा मागे घेतला. नावाडी भला माणूस होता, हात देत होता, घाई करत नव्हता. पण मागच्या होडीतली माणसे खोळंबली होती. शेवटी ती म्हणाली, “तू जाय. मी पाह्यतो इथूनच.” मी गेलो. ती त्याच होडीने परत राजपुरीला गेली आणि मी येईपर्यंत जेट्टीवर बोचके मांडीवर घेऊन बसून राहिली.

घरी परतल्यावर शेजारणी जमल्या. काय काय पाह्यलं म्हणून विचारू लागल्या. ती म्हणाली, “दरवाजा पाह्यला.” त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. जे पाहिले ते सांगितले. पुढल्या वर्षी तिला अलिबागला न्यायचे मी मनाशी ठरवले होते. पुढल्या वर्षी बोंडअळी होती, त्याच्या पुढल्या वर्षी बहिणीचे लग्न, आणि मग आईच राहिली नाही.

म्हणून, सूनबाई, सासूबाईंच्या “मी घर राखतो” ह्या शब्दावर जाऊ नका. त्यांना न्या, आणि जिथे त्यांना आत जाता येईल तिथे न्या. अलिबागला जा.

अलिबागचा किल्ला म्हणजे कुलाबा. इथे एक सावधगिरी. मुंबईतही कुलाबा आहे. टॅक्सीवाल्याला नुसते कुलाबा म्हणाल तर तो तुम्हाला मुंबईतच फिरवेल. हा कुलाबा अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. ह्याच्याच नावाने त्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. १९८१ साली रायगड हे नाव झाले. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, ह्याचे काम सुरू झाले, संभाजी महाराजांनी ते पुरे केले, आणि पुढे कान्होजी आंग्रे ह्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. कान्होजींनी इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी सगळ्यांना समुद्रावर दबकून चालायला लावले. १७२९ साली ते वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. मुलाला तिथे आधी न्या; म्हणजे जंजिरा हुकल्याचे दुःख अर्धे होईल.

ह्या किल्ल्याची भिंत यजमानांना जरूर दाखवा. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचले आहेत, सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. वावराच्या बांधाला सांडवा ठेवला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो, हे ज्याने भोगले आहे त्याला ती भिंत पाहताच समजेल. आत गोड्या पाण्याची विहीर आहे आणि राघोजी आंग्रे ह्यांनी १७५९ साली बांधलेले गणपतीचे देऊळ आहे. गणपतीसह पाच देवांचे पंचायतन.

आता मुख्य गोष्ट. ओहोटीला ह्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. समुद्र मागे सरतो, ओली वाळू नि खडक उघडे पडतात, आणि माणसे घोट्याभर पाण्यातून जातात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी मिळते. आमच्या आईला बंडीत बसायची उभ्या जन्माची सवय. घोडागाडीत ती हसत बसली असती.

पण ही वाट दिवसाचे थोडेच तास उघडी असते, आणि तीही रोज वेगळ्या वेळी. हे ज्याला ठाऊक नसते तो किनाऱ्यावर उभा राहून किल्ला पाहतो, किंवा आत जाऊन रमतो आणि मागे पाणी भरते. इथे तुमच्या घरचे पंचांग कामाला येईल. कोकणातले लोक भरतीचा हिशेब तिथीवरून करतात आणि तो कोणालाही येण्यासारखा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. साधारण तितके वाजता भरती पूर्ण होते. तिच्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ती ओहोटी. तृतीया असेल तर तीन पाऊणे सव्वादोन. भरती दुपारी सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात आकडा पुन्हा एकपासून. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण घरबसल्या तारीख ठरवायला पुरेसा आहे.

ह्यात एक मेख आहे. कोणी म्हणेल, अष्टमीला जाऊ, आठ पाऊणे सहा, म्हणजे ओहोटी भर दुपारी बारा वाजता, आरामात जेवून जाऊ. तसे करू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असते. तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच खालीही उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी ना धड चढते ना धड उतरते, आणि वाटेत कमरेइतके राहू शकते. आणि ऐन पौर्णिमेला पाणी उतरते खरे, पण ओहोटी पहाटे नि संध्याकाळी पडते. म्हणून द्वितीया, तृतीया, चतुर्थी ह्या तीन तिथी सोयीच्या: पाणीही चांगले उतरलेले आणि वेळही सकाळी साडेसात ते नऊची. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. सासूबाई संकष्टी धरत असतील तर किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शन त्या दिवशी घडेल आणि ओहोटीही नऊच्या सुमारास मिळेल. अंगारकी आली तर गर्दी फार होते, ती टाळा. आणि आपला हिशेब कितीही बरोबर आला तरी किनाऱ्यावरच्या कोळ्याला नाहीतर घोडागाडीवाल्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. तो परत फिरा म्हणाला की परत फिरायचे, देवळात एक प्रदक्षिणा राहिली असली तरी.

महिना पौष किंवा माघ. तूर घरात आली आणि हरभरा अजून सोंगायचा आहे, असे आठ-दहा दिवस प्रत्येक घरी सापडतात. गव्हाच्या पाण्याची पाळी मात्र आधी देऊन निघा. वैशाखात आपल्याकडे रिकामपण असते, पण कोकणात तेव्हा घामाने अंग चिकचिकते. पावसाळ्यात जाऊच नये.

वाटेचे सांगतो. वर्ध्याहून रात्री विदर्भ एक्सप्रेस किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने निघाले की दुसऱ्या दिवशी मुंबई. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला लाँच जाते, तासाभराचे पाणी. तिथून अलिबाग रस्त्याने वीसेक किलोमीटर. सासूबाईंना पाणी लागत असेल तर कल्याणला उतरा, पनवेल गाठा आणि तिथून पेण-वडखळ मार्गाने एस. टी.ने जा. एस. टी.त ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे आहे. आधार कार्ड बोचक्यात तळाशी टाकू नका, वर ठेवा.

मुक्काम दोन रात्रींचा करा. अलिबागच्या आसपास नागाव, आक्षी, वरसोली ह्या गावांत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून घरगुती सोय होते. आक्षीला रस्त्याच्या कडेला दगडावरचा एक जुना लेख आहे, शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. मराठीतला सर्वांत जुना लेख तोच असे कित्येक अभ्यासक मानतात. हजार वर्षांपूर्वी कोणी देवीसाठी धान्य लावून दिले, त्याची ती नोंद. दानपत्र धान्याचे आहे, सोन्याचे नाही, हे मला त्यातले विशेष वाटते.

त्या किनाऱ्यावर बेने इस्राएल म्हणून ज्यू लोक कित्येक शतकांपूर्वी आले. नवगावला त्यांची गलबते फुटली असे ते सांगतात. मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ज्यांनी वर्ध्याला मगनवाडीची घाणी पाहिली आहे त्यांना अलिबागची इस्राएल आळी परकी वाटायची नाही. त्यांचे प्रार्थनामंदिर अजून तिथे आहे. आणि “अलिबागहून आला काय?” असे कोणी कोणाला हिणवताना तुमच्या मुलाने ऐकले असेल, तर त्याला सांगा: मुंबईत विजेची ट्राम यायची ठरली तेव्हा तिने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडेल म्हणून ती वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. लोखंड न वापरता ती इमारत उभारली. इतकी नाजूक मोजणी ज्या गावाने सांभाळली त्या गावचा माणूस अडाणी कसा?

यजमानांसाठी आणखी एक. अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. १९३३ साली तिथल्या आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी खोताची जमीन कसायची नाही असे ठरवले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. एक-दोन हंगाम नव्हे, सहा वर्षे! स्वतःच्या हाताने पिकवायची जमीन डोळ्यांसमोर पडीक राहू द्यायची, आणि लाकूडफाटा विकून, खाडीतले मासे-खेकडे धरून पोट भरायचे. एक हंगाम पेरणी चुकली तर आपल्या घरात काय होते ते आठवून बघा आणि त्याला सहाने गुणा. डॉक्टर आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल आणले. १९३९ साली संप मिटला आणि त्याच साली कुळांच्या हक्काचा कायदा झाला. तो सगळा भाग खारेपाटाचा. समुद्राचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालून भात पिकवायचे, आणि बांध फुटला की जमीन खारावून जायची. किल्ला पाहून झाल्यावर अर्धा दिवस काढून यजमानांनी तिकडे जाऊन यावे. तिथल्या शेतकऱ्याशी बांधावर उभे राहून दोन शब्द बोलले तरी पुरे.

आता तुमचे, सूनबाई. पौषात गेलात तर तिकडे पोपटीचे दिवस असतात. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा भरायच्या, तोंड पाल्यानेच बंद करायचे, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. मंडळी आत कोंबडी, अंडी घालतात. माळकरी असाल तर नुसत्या शेंगांची सांगा. आपला हुरडा जसा वावरात बसून खायचा तशीच पोपटीही शेतात बसून खायची. जिथे उतराल त्या घरच्या बाईंना आधल्या दिवशी सांगून ठेवा. त्या करतील, तुम्ही बसा. चार दिवस चूल दुसऱ्या कोणी पेटवावी, एवढे तरी तुम्हाला हवे असेल असे मी धरून चाललो आहे. चुकलो असेन तर कळवा.

माघात गेलात तर पोपटी हुकेल कदाचित, पण पांढरा कांदा निघू लागलेला असेल. भातानंतर त्याच जमिनीत घेतात, चवीला गोडसर, आणि वेणीसारख्या माळा करून विकतात. आपल्या वायगावच्या हळदीसारखेच त्यालाही सरकारचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जाताना वायगावची पावशेर हळद बरोबर न्या, ज्या घरी उतराल तिथे द्या, आणि येताना कांद्याची माळ घेऊन या.

मुलाची समजूत तुम्हाला घालावी लागेल. जंजिरा कुठे पळून जात नाही. तो कॉलेजात गेला की मित्रांबरोबर जाईल आणि एका उडीत पायरीवर उतरेल.

किल्ल्याकडे निघताना चपला हातात घ्या. खडकावर शेवाळे असते तिथे तेवढ्या पुरत्या घाला. सासूबाईंचे लुगडे घोट्याच्या वर खोचा. घोडागाडीत त्यांना पुढच्या बाजूला बसवा, म्हणजे दरवाजा जवळ येताना दिसेल. आणि आल्यावर शेजारणींनी काय पाह्यलं विचारले की त्या काय सांगतात, ते मला पत्राने कळवा.